घरामागच्या मोकळ्या जागेत गाजरासारख्या पानांचं तण माजलंय. उपटल्यावर हातांना खाज सुटली. हे गाजर गवत आहे का? घालवायचं कसं?

वर्णनावरून तरी गाजर गवतच वाटतंय. कोणी त्याला काँग्रेस गवत म्हणतात, कोणी चटकचांदणी. खात्री करायची तर कोवळी रोपं बघा. पानं जमिनीलगत गोल पसरलेली आणि खोल कातरलेली असतात. मग मधून उभ्या रेघांचं, बारीक लव असलेलं खोड निघतं आणि शेंड्याला ज्वारीच्या दाण्याएवढ्या पांढऱ्या फुलांचे झुपके येतात. भिंगाखाली फुलाच्या कडेला पाच इवल्या पाकळ्या दिसल्या, की शंका उरत नाही.

आधी तुमच्या खाजेबद्दल. मी दोन पावसाळे हे गवत उघड्या हातांनी उपटत होतो, काही झालं नाही. तिसऱ्या वर्षी मानेवर आणि कोपराच्या आत पुरळ उठलं, पापण्या सुजल्या. त्वचारोगतज्ज्ञांनी सांगितलं की झाडातल्या पार्थेनिन या द्रव्याची ॲलर्जी वारंवार संपर्क येऊन तयार होते आणि एकदा जडली की सहसा पाठ सोडत नाही. म्हणून, तुम्हाला खाज सुटलीच आहे तर कृपा करून यापुढे स्वतः उपटू नका. जो कोणी उपटेल त्याने रबरी हातमोजे, पूर्ण बाह्यांचे कपडे घालावेत, नाकातोंडावर रुमाल बांधावा आणि काम झाल्यावर लगेच अंघोळ करून कपडे वेगळे धुवावेत. फुलोऱ्यातल्या परागांनी दमाही उफाळतो. पापण्या सुजल्या किंवा श्वास लागला तर डॉक्टरांकडे जायला उशीर करू नका.

आता घालवायचं कसं? फुलं यायच्या आत उपटा, एवढं एक पाळलंत तरी अर्धं काम झालं. एक झाड हजारो बिया टाकतं, पंचवीस हजारांपर्यंतही. पुण्यात १९५५ च्या सुमारास याची नोंद झाली आणि त्यानंतर ते देशभर पसरलं, ते या बियांच्या जोरावर. पाऊस पडून माती मऊ असताना मुळासकट उपटा. कोयत्याने कापलंत तर बुडातून पुन्हा फुटवे येतात. फुलं न आलेली झाडं कंपोस्टमध्ये चालतात. फुललेली मात्र अजिबात टाकू नका, कारण घरच्या खड्ड्यात बी मरेल इतकी उष्णता होत नाही.

तणनाशक किंवा मिठाचं पाणी मी घराजवळ वापरणार नाही. दोन्हींनी बाकीची हिरवळही मरते आणि उघड्या पडलेल्या जमिनीवर पुन्हा सगळ्यात आधी हेच उगवतं. त्यापेक्षा रिकाम्या झालेल्या जागेत टाकळ्याचं बी दाट फेका. टाकळा पावसाळ्यात झपाट्याने वाढून याला दाबतो.

पानांची चाळण झालेली दिसली आणि त्यावर पिवळट पाठीवर तपकिरी नागमोडी रेघांचे भुंगे असले, तर ती झाडं तशीच राहू द्या. हे मेक्सिकन भुंगे १९८० च्या दशकात मुद्दाम गाजर गवतावर सोडण्यासाठी भारतात आणले गेले.

मातीत पडलेलं बी काही वर्षं टिकतं आणि ओल मिळाली की कधीही रुजतं. रुजल्यावर साधारण महिन्याभरात फूल येतं, म्हणून दर तीन आठवड्यांनी एक फेरी मारायची. माझ्या आवारात तिसऱ्या पावसाळ्यानंतर फेरीत हाताच्या बोटांवर मोजण्याइतकीच रोपं सापडू लागली.