'द प्लॅनेट्स'ची ध्वनिमुद्रणे ऐकताना : एक पत्र

प्रिय मित्रा,

सप्रेम नमस्कार.

इंग्रज संगीतकार गुस्ताव होल्स्टच्या 'द प्लॅनेट्स' या ऑर्केस्ट्रासाठीच्या रचनेचे सर्वांत चांगले ध्वनिमुद्रण कोणते, असे तू विचारले आहेस आणि सोबत सात-आठ नावांची यादीही जोडली आहेस. यादी चांगली आहे, प्रश्न मात्र बदलून घ्यावा असे मला वाटते. पन्नास मिनिटांची, एकेका ग्रहाच्या नावाच्या सात भागांची रचना एका बैठकीत ऐकून तिला पहिला-दुसरा क्रमांक दिला, तर बहुतेक वेळा आपण सवयीला किंवा आवाजाच्या भपक्याला क्रमांक देत असतो. त्यापेक्षा प्रत्येक ध्वनिमुद्रणात तीन हात काम करत असतात हे ध्यानात ठेव. रचनाकाराने कागदावर काय लिहिले, ऑर्केस्ट्राचे संचालन करणाऱ्या कंडक्टरने त्यातून काय निवडले, आणि ध्वनिमुद्रण करणाऱ्यांनी व त्या सभागृहाने त्यात काय मिसळले, हे वेगवेगळे ओळखता येऊ लागले की तुलना आपोआप नेमकी होते. होल्स्ट १९३४ साली वारला, त्यामुळे मूळ स्कोअर, म्हणजे सर्व वाद्यांचे स्वर लिहिलेली प्रत, आता सर्वांना मोफत उपलब्ध आहे. नोटेशन वाचता येत नसले तरी तो समोर ठेव, कारण कोणते वाद्य कधी सुरू होते एवढे तरी त्यावरून नक्की कळते.

मंगळापासून सुरुवात करू, कारण मतभेद तिथेच सर्वाधिक आहेत. या भागाचे पाच मात्रांचे आवर्तन आहे आणि ते तीन अधिक दोन असे पडते. पहिल्या मात्रेत तीन झटपट ठोके, पुढच्या दोन मात्रांवर एकेक, चौथीत दोन आणि पाचवीवर पुन्हा एक. झपतालाचे अर्धे आवर्तन दोन-तीन असे जाते, इथे ते उलटे आहे एवढे मनात ठेवून टाळी दे, म्हणजे पंधरा-वीस आवर्तनांत ते अंगात भिनेल. व्हायोलिनपासून डबल बासपर्यंतचे वादक तारांवर गजाच्या केसांऐवजी त्याचे लाकूड आपटत असतात, टिंपनी या मोठ्या नगाऱ्यांवर लाकडी काठ्या असतात आणि खाली गाँग अगदी हळू थरथरत असतो. कोणतेही ध्वनिमुद्रण हाती आले की प्रथम हे तपास : ते लाकूड लाकडासारखे ऐकू येते, की नुसती अस्पष्ट गुरगुर होते? तिथे गुरगुर ऐकू आली तर दोष कंडक्टरचा असेलच असे नाही, तो बहुधा मायक्रोफोनच्या जागेचा किंवा सभागृहाच्या गुंजेचा असतो.

आता गती. स्कोअरमध्ये या भागाच्या माथ्यावर 'अलेग्रो' (जलद) एवढीच सूचना आहे, म्हणून कंडक्टरला मोकळीक मोठी. होल्स्टने स्वतः लंडन सिम्फनी ऑर्केस्ट्राकडून ही रचना दोनदा ध्वनिमुद्रित करून घेतली, आधी १९२२-२३ मध्ये कर्ण्यासमोर वाजवण्याच्या जुन्या पद्धतीने आणि मग १९२६ मध्ये विजेच्या मायक्रोफोनने. १९२६ च्या ध्वनिमुद्रणात मंगळ सहा मिनिटांच्या थोडा पुढे जाऊन संपतो. कंडक्टर विल्यम स्टाइनबर्गने १९७० साली बोस्टन सिम्फनीसह त्याला साडेसहा मिनिटांच्या आसपास ठेवले. इंग्रज कंडक्टर एड्रियन बोल्टच्या १९७८ च्या ध्वनिमुद्रणात तोच भाग आठ मिनिटांच्या जवळ जातो. नुसत्या घड्याळावरून बोल्ट मंद ठरेल, पण ऐकताना तसे वाटत नाही. त्याच्याकडे पहिल्या मात्रेतले तिन्ही ठोके सुटे ऐकू येतात, प्रत्येकाला वजन असते, आणि ती चाल कशानेही थांबणार नाही असे वाटत राहते. होल्स्टची गती याउलट कोरडी आहे. तिच्यात क्रोधही नाही आणि शोकही नाही, एखादे यंत्र चालावे तशी ती चालते. मंगळाचा आराखडा १९१४ साली महायुद्ध भडकण्यापूर्वीच तयार झाला होता, हे आठवले की हा कोरडेपणा मला अधिकच अस्वस्थ करतो. (म्हणून या भागात खंदकांतल्या लढाईचे वर्णन शोधणाऱ्यांवर फारसा विश्वास ठेवू नकोस.)

इथे तू म्हणशील की रचनाकाराने स्वतः वाजवून दाखवल्यावर वाद कसला? वाद आहे. त्या काळच्या बारा इंची तबकडीच्या एका बाजूवर चार-साडेचार मिनिटांचे संगीत मावत असे, त्यामुळे १९२६ च्या ध्वनिमुद्रणातली प्रत्येक गती पूर्णपणे होल्स्टच्या इच्छेची होती असे गृहीत धरता येत नाही. पण हा मुद्दा सरसकट लावू नकोस, भागागणिक तपासून पाहा. मंगळ आठ मिनिटांचा वाजवला असता तरी तो दोन बाजूंवर बसला असता, म्हणजे त्याच्या वेगाचा दोष तबकडीला देता येत नाही, तो वेग होल्स्टला हवाच असणार. शनीचे तसे नाही. होल्स्टच्या हातून शनी सात मिनिटांच्या आसपास उरकतो, आजचे कंडक्टर त्याला नऊ ते दहा मिनिटे देतात, आणि एवढा लांब शनी दोन बाजूंवर बसवणे अवघडच होते. म्हणून रचनाकाराची साक्ष मंगळाच्या बाबतीत मी जवळपास पूर्ण मानतो आणि शनीच्या बाबतीत राखून मानतो.

बोल्टचा अधिकार वेगळ्या प्रकारचा आहे. २९ सप्टेंबर १९१८ रोजी लंडनच्या क्वीन्स हॉलमध्ये निमंत्रितांसमोर या रचनेचा पहिला प्रयोग झाला तो त्याच्याच संचालनाखाली. बाल्फर गार्डिनर या संगीतकार मित्राने त्याचा खर्च उचलला होता. पुढे होल्स्टने बोल्टच्या स्कोअरवर कृतज्ञतेच्या ओळी लिहून दिल्या. बोल्टने ही रचना १९४५ ते १९७८ या काळात पाच वेळा ध्वनिमुद्रित केली आणि शेवटच्या वेळी तो नव्वदीच्या उंबरठ्यावर होता. एकाच माणसाची पहिली आणि शेवटची आवृत्ती शेजारी ठेवून ऐकणे हा तुझ्यासाठी फार उपयुक्त अभ्यास ठरेल, कारण तिथे स्वभाव तोच राहतो आणि ऑर्केस्ट्रा, तंत्र व वय बदलते.

शनी हा होल्स्टचा स्वतःचा सर्वांत आवडता भाग होता. आपल्याकडे शनी म्हटले की साडेसाती डोळ्यांसमोर येते, होल्स्टने त्याला वार्धक्य घेऊन येणारा म्हटले आहे, आणि वार्धक्यात भय व शांती या दोन्ही गोष्टी येतात हे त्याने घंटांच्या आवाजातून दाखवले आहे. भयाच्या शिखरावर घंटा धातूच्या ठोक्याने वाजवाव्यात आणि पुढे शांत भागात मऊ नमद्याच्या ठोक्याने, अशी स्कोअरमध्ये स्पष्ट सूचना आहे. पुष्कळ ध्वनिमुद्रणांत हा फरक जवळजवळ ऐकूच येत नाही. शिखरावरच्या घंटांनी कान दचकायला हवेत. त्या सौम्य, सुरेल वाजत असतील तर कंडक्टरने वार्धक्यातले भय टाळले असे मी समजतो, मग बाकीचे वादन कितीही देखणे असो.

गुरूच्या मधल्या संथ चालीवर थोडेच सांगतो. ही चाल पुढे १९२१ साली 'आय व्हाउ टू दी, माय कंट्री' या देशभक्तिपर गीताला जोडली गेली आणि आज ब्रिटनमध्ये ती राजघराण्याच्या विवाहांत व अंत्यविधींतही गायली जाते. त्यामुळे अनेक कंडक्टर तिथे पोहोचले की उभे राहून मानवंदना दिल्यासारखे वाजवू लागतात. १९२६ चे ध्वनिमुद्रण त्या गीतानंतरचे आहे, तरीही होल्स्ट तिथे रेंगाळत नाही. त्या चालीने तुझे डोळे पाणावले तर पाणावू देत, पण ते गीताच्या आठवणीने की वादनाने, हे स्वतःला विचार.

नेपच्यूनला तुझी आणि तुझ्या घराची परीक्षा आहे. हा संपूर्ण भाग अतिशय हळू आवाजात वाजवायचा आहे. शेवटी येणारे स्त्रियांचे दुहेरी वृंदगान शेजारच्या खोलीत ठेवावे, तिचे दार उघडे असावे आणि शेवटच्या मात्रांत ते हळूहळू, आवाज न करता बंद करावे, असे होल्स्टने लिहून ठेवले आहे. शेवटचे आवर्तन आवाज दूर विरून जाईपर्यंत पुन्हा पुन्हा म्हणायचे आहे. प्रत्यक्ष मैफलीत दार लोटले जाते, तेव्हा आवाज लहान होत असतानाच त्याचा पोतही बदलतो, त्यातले तीक्ष्ण स्वर आधी हरवतात. ध्वनिमुद्रणात मात्र अनेकदा कोणीतरी नुसते बटण फिरवून आवाज कमी करतो आणि मग वृंदगान जागच्या जागी लहान होत जाते. हा फरक ओळखायला शिक. त्यासाठी पंखा बंद करावा लागेल आणि रात्री उशिरा बसावे लागेल, एरवी पंखा आणि शेजारचा कुकर मिळून नेपच्यून गिळून टाकतील. इयरफोनवर ऐकलेस तर खोलीची अडचण मिटते, पण अंतराचा भास कमी होतो, म्हणून दोन्ही प्रकारे ऐक.

तुझ्या यादीत झुबिन मेहतांचे लॉस एंजेलिस फिलहार्मोनिकबरोबरचे १९७१ चे ध्वनिमुद्रण सर्वांत वर आहे. मेहता मुंबईत जन्मले, पस्तिशीत त्यांनी हे केले, याचा आपल्याला अभिमान वाटणे साहजिक आहे. डेक्का कंपनीच्या तंत्रज्ञांनी त्यात प्रत्येक वाद्य जणू हाताच्या अंतरावर आणून ठेवले आहे, आणि युरेनसमध्ये त्याचा परिणाम थरारक होतो. पण त्या थरारात तंत्रज्ञांचा वाटा किती, हे तू तपासलेले नाहीस. त्याच डेक्काने दहा वर्षे आधी, १९६१ मध्ये, हर्बर्ट फॉन कारायानकडून व्हिएन्ना फिलहार्मोनिकसह हीच रचना करून घेतली होती. ती दोन्ही लागोपाठ ऐक, आणि शुक्रापासून सुरू कर. कारायानचा शुक्र मला जरा अधिकच मखमली वाटतो, तरी व्हिएन्नाच्या हॉर्नचा तो रंग दुसरीकडे मिळत नाही. दोन्हींचा आवाज ऐकण्याआधी सारखा करून घे, कारण जे किंचित मोठ्याने वाजते ते आपल्याला नेहमीच अधिक चांगले वाटते. वरवर पाहता क्षुल्लक अशी ही बाब आहे, पण बहुतेक वाद तिच्यामुळेच होतात.

होल्स्ट संस्कृत शिकला होता, त्याने ऋग्वेदातील सूक्तांची भाषांतरे करून त्यांना संगीत दिले आणि सावित्रीच्या कथेवर ऑपेरा रचला, हे तुला ठाऊक आहेच. त्या आधारे 'द प्लॅनेट्स'मध्ये आपले काही शोधण्याचा मोह होतो. तो आवर, कारण या रचनेमागे पाश्चात्त्य फलज्योतिषाचे वाचन आहे आणि ग्रहांची उपनावेही तिथलीच आहेत.

एवढे वाचून सगळे पुन्हा पहिल्यापासून ऐकायला बसू नकोस. या आठवड्यात फक्त शनी घे, होल्स्टचा १९२६ चा, स्टाइनबर्गचा आणि बोल्टचा १९७८ चा, एका रात्री एकच. प्रत्येकात घंटा कशा वाजल्या आणि सुरुवातीला बासरी व हार्प यांची आलटून पालटून पडणारी पावले किती जड होती, एवढेच दोन-चार ओळींत लिहून मला पाठव. कोणता आवडला ते लिहिण्याची घाई नाही.

तुझा,
एक जुना श्रोता