आतड्यांच्या दाहात व्यायाम सुरू करताय?

क्रोन्स असो की अल्सरेटिव्ह कोलायटिस (आतड्यांच्या दाहाचे हे दोन मुख्य आजार), व्यायामाने आजार बरा होत नाही. त्यामुळे गोळ्या बंद करायचा विचार मनातही आणू नका. फरक पडतो तो थकव्यात, झोपेत, मूडमध्ये आणि मुख्य म्हणजे हाडांत. या आजारात दाह कमी करायला दिलेली स्टेरॉइड बरेच दिवस घेतली की हाडं ठिसूळ होऊ शकतात. म्हणून नुसतं चालून भागत नाही, आठवड्यातून दोनदा रबरी पट्टा किंवा हलके डंबेल्स हातात घ्याच.

सुरुवात मात्र दहा मिनिटं चालण्यानेच. आठवड्याला 150 मिनिटांचं जे लक्ष्य सगळे सांगतात, ते नंतर बघू. अचानक शौचाची घाई होते ना? मग घराभोवतीच फेऱ्या मारा; संडास जवळ आहे म्हटलं की निम्मी धास्ती जाते. जोरात पळणं सध्या नकोच, पोट ढवळतं. जुलाब होत असतील तर ओआरएस जवळ ठेवा.

आजार उसळला, ताप आला, रक्त दिसलं, तर सरळ विश्रांती घ्या आणि डॉक्टरांना कळवा (जिमवाला काहीही म्हणो). अंग दुखतंय म्हणून मनाने आयब्युप्रोफेन घेऊ नका, त्याने आतड्यांचा त्रास वाढू शकतो. पोटाचं ऑपरेशन झालं असेल किंवा स्टोमा (शौच बाहेर पडण्यासाठी पोटावर केलेलं छिद्र) असेल, तर वजन उचलण्याआधी सर्जनना विचारा. हर्नियाचा धोका असतो.