तुमची बेव्हरेज बहिरी नाही, कोॲक्सच अँटेना झालंय

बांधावर 165 मीटर तारेची बेव्हरेज (फक्त ऐकण्यासाठीची, जमिनीलगतची लांब तारेची अँटेना), टोकाला रोध, तरी हौशी रेडिओच्या 80 मीटर बँडवर खरखर जशीच्या तशी आणि ट्रान्समिट अँटेनापेक्षा काडीचाही फरक नाही, असं तुम्ही लिहिलंय. तार, उंची, दिशा ठीकच वाटतात. घाटावरून लंडन साधारण 320 अंशांवर, न्यूयॉर्क 333 वर. तुमची 325 ची रेषा दोघांनाही पुरते. प्रीअँप (सिग्नल वाढवणारं यंत्र) जोडायचा बेत मात्र आधी सोडा. बेव्हरेज सिग्नल कमीच देते. एस-मीटर (रिसीव्हरवरचा सिग्नलची ताकद दाखवणारा काटा) खाली आला म्हणजे ती चालत नाही असं नव्हे. सिग्नल खरखरीच्या किती वर येतो, तेवढंच बघायचं.

आता ती चूक, जिने माझे दोन हिवाळे खाल्ले. तुम्ही तार आणि केबल यांच्यामधला ट्रान्सफॉर्मर लोखंडी जंक्शन बॉक्समध्ये बसवलाय. केबलच्या एफ कनेक्टरची बॉडी, म्हणजे केबलची शील्डच, पत्र्याला टेकते आणि अर्थिंगचा बोल्टही त्याच पत्र्यातून जातो. म्हणजे केबलचं आणि तारेचं अशी दोन वाइंडिंग वेगळी ठेवून केलेली सगळी मेहनत त्या पत्र्यानेच पाण्यात घातली. घरातल्या अ‍ॅडॉप्टर, एलईडी, इन्व्हर्टरची घाण कोॲक्सच्या, म्हणजे रिसीव्हरकडे येणाऱ्या केबलच्या, शील्डवरून (बाहेरच्या जाळीवरून) चालत येते आणि तारेच्या सिग्नलमध्ये मिसळते.

खात्री करायची तर कोॲक्स आणि अर्थिंगची तार दोन्ही सोडवा आणि एफ कनेक्टरच्या बॉडीपासून अर्थ बोल्टपर्यंत मल्टिमीटर लावा. बीप वाजला तर निदान झालं. मग कोॲक्स परत जोडा, अँटेनाची तार आणि अर्थ सुटेच ठेवून त्या दोन टर्मिनलांवर 470 ओहमचा रोध लावा आणि रात्री ऐका. रिसीव्हर जवळजवळ मुका व्हायला हवा. स्टेशनं अजून ऐकू येत असतील तर ती केबल ऐकतेय, तार नव्हे.

बॉक्स प्लास्टिकचा घ्या. कोर (तार गुंडाळायचा दोन भोकांचा फेराइट) बीएन-73-202, केबलच्या बाजूला 2 वेढे, तारेच्या बाजूला 5. एक वेढा म्हणजे एका भोकातून जाऊन दुसऱ्यातून परत. इथे मोजणीत हमखास घोळ होतो. केबलचे 75 ओहम तारेच्या बाजूला साधारण 469 होतात. एनॅमल तार नको. 73 क्रमांकाचा फेराइट वीज वाहतो आणि कडेवर एनॅमल खरवडलं की शॉर्ट. लॅन केबलमधली एक एक तार घ्या, घट्ट बसते पण बसते. ट्रान्समिटसाठीचा बाजारी 9:1 बलून बहुधा ऑटोट्रान्सफॉर्मर (दोन्ही बाजूंना एकच वाइंडिंग) असतो, म्हणजे शील्ड आणि अर्थ पुन्हा एकच. इथे तो कुचकामी.

शील्डला वेगळी अर्थिंग द्यायची असेल तर तिची सळई अँटेनाच्या सळईपासून चार-पाच मीटर लांब ठोका. टोकाचा रोध वायरवाउंड नसावा, त्यात इंडक्टन्स असतो. 1 के, 1 वॉटचे दोन कार्बन रोध समांतर जोडले तरी भागतं.

काळ्या मातीत एक सळई पावसाळ्यात उत्तम. एप्रिलमध्ये जमीन भेगाळली की ती हवेतच उभी. म्हणून सळईच्या जोडीला पाच-सहा मीटरच्या चार तारा जमिनीवर पसरा. वर्षातून दोनदा, दसऱ्याच्या सुमारास आणि उन्हाळ्यात, ट्रान्सफॉर्मर सोडवून तार ते अर्थ मोजा. प्रोब उलटसुलट करून दोन रीडिंगांची सरासरी घ्या, कारण मातीत थोडं व्होल्टेज असतंच. आकडा 470 च्या थोडा वर हवा. उघडं सर्किट दिसलं तर विजेने रोध उडवला असेल किंवा बांधावरच्या उंदरांनी काही कुरतडलं असेल.

तारेला झटका मशीनची क्लच वायर आणि इन्सुलेटर मस्त चालतात. पण शेजारच्याचं झटका मशीन चालू असेल तर सेकंदा-सेकंदाला टक् ऐकू येणारच, त्याला बेव्हरेज काय करणार? सौर पंपाला मात्र उगाच दोष देऊ नका. त्याचा कंट्रोलर दिवसा बोंबलतो, आपला बँड रात्री उघडतो.

हे सगळं करूनही कोरड्या हवेत करकर राहिली आणि पाऊस पडताच थांबली, तर 11 केव्हीच्या लाइनवर ढिला क्लॅम्प किंवा सैल जोड शोधा. एएम रेडिओ हातात धरून लाइनखालून चाला. वीज कंपनीच्या स्थानिक कार्यालयात ‘रेडिओत आवाज येतो’ म्हणालात तर उत्तर मिळेल, ‘लाइट आहे ना? मग?’ आणि तक्रार ‘निराकरण झाले’ म्हणून बंद. (माझी तीनदा झाली, खांबाकडे कोणी फिरकलंही नाही.) त्यापेक्षा अंधारात खांबावर ठिणगी दिसली तर तेच लिहा, डीपीचं नाव आणि खांबाचा क्रमांक द्या. ठिणगीला लाइनमन येतो. स्वतः खांबाला हात लावू नका, आणि बेव्हरेज 11 केव्हीच्या खालून कधीच नेऊ नका.

वरचे आकडे माझ्या मातीतले, तुमच्याकडे थोडे हलतील. रोध लावून काय ऐकू आलं आणि मीटरने किती दाखवलं ते इथे टाका, मग चोकचं (शील्डवरून येणारी घाण अडवणाऱ्या गुंडाळीचं) बघू.