कोडिंग शिकणाऱ्या लेकीला हा विषय कशाला?

प्रश्न : माझी मुलगी कॅलिफोर्निया स्टेट युनिव्हर्सिटीत कॉम्प्युटर सायन्स करते. पदवीसाठी ‘एथ्निक स्टडीज’चा, म्हणजे अमेरिकेतल्या वांशिक समूहांच्या अभ्यासाचा, तीन युनिटचा कोर्स सक्तीचा आहे. आमच्या फीच्या पैशांत हे राजकारण कशाला? आणि घ्यायचाच तर सोपा कुठला?
– एक वडील, फ्रीमाँट

उत्तर : सोपा कुठला ते मुलीलाच विचारा. सढळ हाताने मार्क देणारे सर कोण, हे पोरांना बरोब्बर ठाऊक असतं. ‘कशाला’चं मात्र सांगते.

ही सक्ती कायद्यात आणली शर्ली वेबर यांनी. जन्म 1948 चा, आर्कान्सातल्या होप गावचा. वडील बटाईने शेती करणारे. कुटुंब लॉस एंजेलिसला आलं, मुलगी तिथल्या यूसीएलए विद्यापीठात शिकली, विशीतच पीएचडी झाली. 1972 पासून जवळपास चाळीस वर्षं बाईंनी याच विद्यापीठाच्या सॅन डिएगो स्टेट शाखेत आफ्रिकाना स्टडीज, म्हणजे आफ्रिकन वंशाच्या लोकांचा अभ्यास, शिकवलं, विभागप्रमुखपद सांभाळलं. कॅलिफोर्नियाच्या आमदार झाल्या त्या 2012 मध्ये. म्हणजे आधी खडू, मग खुर्ची.

राजकारण झालं, नाही कशाला म्हणू? बाईंचं विधेयक विधिमंडळात असताना 2020 च्या जुलैत विद्यापीठाच्या विश्वस्तांनी स्वतःचा सैलसर नियम केला : सामाजिक न्यायावरचा कुठलाही कोर्स चालेल. त्यातून मूळ विषय अलगद टाळता आला असता. ऑगस्टमध्ये गव्हर्नरांनी वेबरबाईंच्या विधेयकावर सही केली आणि कोर्स ज्यांच्यावर हवा ते चार समूह पक्के झाले : मूलनिवासी, आफ्रिकन, एशियन आणि लॅटिनो अमेरिकन. अभ्यासक्रम आमदारांनी ठरवावा हे मलाही रुचत नाही. पण हा विषय मुळात विद्यापीठाने आपखुशीने दिलेलाच नाही. 1968 च्या नोव्हेंबरात याच विद्यापीठाच्या सॅन फ्रान्सिस्को स्टेट शाखेच्या विद्यार्थ्यांनी या विषयासाठी संप केला. कॉलेजचे प्रभारी अध्यक्ष हायाकावा ट्रकवर चढून लाउडस्पीकरच्या वायरी उपटत होते, तरी संप पुढल्या मार्चपर्यंत चालला आणि त्यातून एथ्निक स्टडीजचं स्वतंत्र कॉलेज निघालं.

आता तुमच्या घरचं. मुलीने एशियन अमेरिकन कोर्स घेतला, तर तिला भगतसिंग थिंद भेटतील. पंजाबचे शीख, पहिल्या महायुद्धात अमेरिकेच्या सैन्यात होते. बाहेरून आलेल्यांपैकी नागरिकत्व तेव्हा गोऱ्यांना आणि आफ्रिकन वंशाच्यांनाच मिळे, म्हणून कोर्टात मुद्दा काय मांडला? मी उच्च जातीचा हिंदू, आर्य, म्हणजे गोराच! 1923 मध्ये सुप्रीम कोर्टाने तो फेटाळला, आणि आधी नागरिक झालेल्या इतर हिंदी लोकांचंही नागरिकत्व काढून घेणं सुरू झालं. जातीचं प्रमाणपत्र तिथे चाललं नाही, हे आपल्या मंडळींनी जेवणाच्या टेबलावर जरूर बोलावं.

तरी माझं मत विचाराल तर तिला आफ्रिकन अमेरिकन कोर्स घेऊ द्या. 1965 च्या ज्या इमिग्रेशन कायद्याने आपल्याला दार उघडलं, तो कृष्णवर्णीयांच्या नागरी हक्कांच्या चळवळीच्या रेट्यातच झाला. थिंद यांची गोष्ट तुम्ही घरी सांगू शकता. त्या चळवळीची सांगता येईल का?