शरदात स्थलांतर करणारे शिकारी पक्षी मोजताना एकच पक्षी दोनदा मोजला जात नाही का?

तुम्ही विचारलंय की शेकडो पक्षी आभाळात घिरट्या घालत असतील तर ते मोजतात कसे, आणि त्या आकड्यावर कितपत विसंबावं. मी दर शरदात मोजणीला बसतो, म्हणून दोन्हींचं उत्तर देतो.

घिरट्या घालणारा थवा मोजायचाच नसतो. तो वर जाताना नुसता बघायचा आणि वाट पाहायची. ऊन चढलं की जमिनीवरून गरम हवेचा स्तंभ वर उठतो, त्याला थर्मल म्हणतात. गरुड, घारी, मधुबाज, बझर्ड असे रुंद पंखांचे पक्षी पंख न हलवता त्यात गोल गोल वर चढतात. पुरेशी उंची मिळाली की एकेक जण थर्मल सोडतो, पंख जरा आखडून घेतो आणि उंची हळूहळू कमी करत सरळ पुढच्या थर्मलकडे जातो. मागून दुसरा, तिसरा, आणि बघता बघता मघाचा गोंधळ एका रांगेत येतो. मोजायचं ते इथे. दुर्बीण एखाद्या ढगाच्या कडेवर किंवा डोंगराच्या टोकावर स्थिर धरायची. मनातली ती रेषा जो ओलांडेल त्यालाच क्लिकर, म्हणजे दाबला की आकडा एकाने वाढवणारं हातातलं यंत्र, दाबायचा. रेषेवरून कोणी माघारी आला तर तो वजा होतो. रांग फारच दाट असेल तर आधी दहा पक्षी खरे मोजून ते रांगेचा किती भाग व्यापतात ते नजरेत बसवायचं आणि मग दहा-दहाने पुढे जायचं. गर्दीच्या दिवशी एक जण मोजतो, दुसरा लिहितो. मोजणाऱ्याने नजर खाली घेतली की रांग हातची गेली.

मोजणी कुठेही बसून होत नाही. उघड्या पाण्यावर थर्मल जवळपास तयारच होत नाहीत, त्यामुळे हे पक्षी समुद्र टाळतात आणि जमिनीच्या चिंचोळ्या पट्ट्यात एकवटतात. जिब्राल्टरची सामुद्रधुनी, तुर्कस्तानातलं बॉस्फरस, मेक्सिकोतलं व्हेराक्रूझ ही अशी ठिकाणं. व्हेराक्रूझवरून एका शरदात ४० लाखांहून जास्त शिकारी पक्षी जातात. जॉर्जिया देशातल्या बातुमीला एका बाजूला काळा समुद्र, दुसऱ्या बाजूला डोंगर. मधल्या वाटेने दर शरदात १० लाखांहून अधिक पक्षी जातात. २००८ पासून तिथे रीतसर मोजणी चालते. दोन ठाण्यांवर माणसं बसतात आणि कुठला थवा कोणी मोजायचा हे आपसात बोलून ठरवतात. तुमच्या दुहेरी मोजणीच्या शंकेवर मनातली रेषा हा पहिला उपाय, आणि हा दुसरा. बातुमीच्या नोंदींतली मला सर्वात आवडणारी गोष्ट म्हणजे मधुबाजांचा क्रम. आधी प्रौढ जातात, त्या वर्षी जन्मलेले नंतर येतात. वाट दाखवायला आईबाप सोबत नसताना ती कोवळी पाखरं आफ्रिकेकडे निघतात, आणि हे दर वर्षी डोळ्यांसमोर घडताना बघूनही माझं नवल कमी होत नाही.

आता विश्वासाचं. मोजणीतून जगात किती पक्षी आहेत हे कळत नाही. निरभ्र दुपारी पक्षी इतके उंच जातात की दुर्बिणीतही सापडत नाहीत, वारा फिरला की अख्खा प्रवाह काही किलोमीटर बाजूला सरकतो. म्हणून नुसती बेरीज निरुपयोगी आहे. किती तास बसलो, वारा कुठला होता, ढग होते का, हे सगळं दर तासाला लिहावं लागतं. पक्षी न दिसलेल्या तासालाही शून्य लिहायचं. माझ्या मते मोजणीचा प्रामाणिकपणा त्या शून्यात आहे, कारण फक्त चांगले दिवस नोंदवले तर घट कधीच दिसणार नाही.

अशा नोंदी वर्षानुवर्षं साठल्या की काय होतं, ते अमेरिकेतल्या पेनसिल्वेनिया राज्यातल्या हॉक माउंटन या डोंगरावरच्या मोजणीने दाखवलं. तिथल्या कड्यावर लोक शरदात शिकारी पक्षी गोळ्या घालून पाडत असत. १९३४ मध्ये पक्षीसंरक्षणासाठी झटणाऱ्या रोझली एज यांनी ती जागा भाड्याने घेऊन शिकार बंद केली. मॉरिस ब्राऊन तिथे राखण करायला आले आणि त्यांनी पक्षी मोजायला सुरुवात केली. पुढे त्याच नोंदींत दिसलं की टकल्या गरुडांमध्ये तरुण पक्ष्यांचं प्रमाण घसरत चाललंय. प्रौढ दिसतायत, पण नवी पिढी नाही. अमेरिकी लेखिका रेचल कार्सन यांनी १९६२ मध्ये कीटकनाशकांविरुद्ध लिहिताना हा पुरावा मांडला. डीडीटी या कीटकनाशकामुळे अंड्यांची कवचं पातळ होऊन फुटतात हे नंतर सिद्ध झालं आणि १९७२ मध्ये अमेरिकेत शेतीसाठी त्याच्या वापरावर बंदी आली. रोज कड्यावर बसून वय आणि संख्या लिहिणारं कोणी नसतं, तर हातात तुलना करायला जुना आकडाच नसता.

तुम्हाला सुरुवात करायची असेल तर ८×४२ ची, म्हणजे आठ पट मोठं दाखवणारी आणि ४२ मिलिमीटर भिंगाची दुर्बीण पुरते. रंगाच्या नादी लागू नका, लांबून सगळेच काळे दिसतात. आकार बघा: ससाण्याचे पंख टोकदार, भोवत्या पंख इंग्रजी व्हीसारखे वर धरून तरंगतो, घारीची शेपटी खाचेची, गरुडाच्या पंखांची टोकं बोटांसारखी फाकलेली. ओळख पटली नाही तर 'अनोळखी' असा रकाना असतोच. त्यात नोंद करायला अजिबात संकोच करू नका, अंदाजाने लिहिलेलं नाव त्यापेक्षा फार वाईट. उत्तर गोलार्धात असाल तर पाऊस सरून उत्तरेचा गार वारा सुटला की दुसऱ्या दिवशी जा. आणि कोऱ्या निळ्या आभाळात शोधत बसण्यापेक्षा पांढऱ्या ढगांच्या पट्ट्यावरून दुर्बीण सावकाश फिरवा, उंचावरचे ठिपके तिथेच आधी सापडतात.