टुंड्रा हिरवा होतोय, मग त्यात वाईट काय?

तुमचा प्रश्न असा आहे की आर्क्टिक (म्हणजे उत्तर ध्रुवाभोवतीचा प्रदेश) तापतोय तर तिथल्या वनस्पतींचं उलट बरंच झालं ना, थंडी कमी, वाढ जास्त, आणि वाढ जास्त म्हणजे हवेतला कार्बनपण जास्त शोषला जाणार, मग शास्त्रज्ञ एवढी काळजी का करतात? प्रश्न अगदी रास्त आहे. वनस्पतीशास्त्र शिकत होतो तेव्हा मलाही बराच काळ असंच वाटायचं. टुंड्रात, म्हणजे तिथल्या मोठी झाडं नसलेल्या गोठलेल्या माळरानात, मी कधी गेलेलो नाही, पण या विषयावर जे हाती लागेल ते गेली काही वर्षं वाचतोय, त्यावरून सांगतो. वाढ होतेय हे खरं आहे, पण तिचा हिशोब फक्त जमिनीवरचं बघून मांडला तर चुकतो, कारण टुंड्राचा खरा कारभार जमिनीखाली चालतो.

आधी वरचं बघू. १९७९ पासूनच्या नोंदी बघितल्या तर आर्क्टिक बाकी जगाच्या जवळपास चौपट वेगाने तापलाय. अलास्काच्या उत्तर भागात १९४० च्या दशकात तेल शोधण्यासाठी विमानातून फोटो काढले होते, मॅथ्यू स्टर्म, चार्ल्स रसीन आणि केन टेप या तिघा शास्त्रज्ञांनी साधारण ५० वर्षांनी त्याच जागांचे फोटो परत काढले आणि २००१ मध्ये ते छापून आले. जुन्या फोटोत जिथे उघडे उतार दिसतात तिथे नव्या फोटोत अल्डर, विलो आणि बुटक्या बर्चची झुडपं दाटलेली दिसतात. सॅटेलाइटवरूनही आर्क्टिकचा बराच भाग पूर्वीपेक्षा हिरवा दिसतो.

पण हे ऊब वाढल्यामुळेच झालं हे कशावरून? त्यासाठी १९९० मध्ये आयटेक्स नावाचा आंतरराष्ट्रीय प्रयोग सुरू झाला. साधी युक्ती आहे, जमिनीवर पारदर्शक प्लास्टिकच्या तिरक्या भिंतींचा छोटा घेर उभा करायचा, वरून उघडा, आत उन्हाळ्यात तापमान १ ते ३ अंशांनी वाढतं. कॅनडा, अलास्का, स्वीडन, स्वालबार्ड अशा कितीतरी ठिकाणी हे घेर लावले आणि वर्षानुवर्षं आतल्या आणि बाहेरच्या वनस्पती मोजल्या. आत झुडपं आणि गवतं उंच झाली, मॉस (शेवाळासारखी बुटकी वनस्पती) आणि लायकेन (म्हणजे दगडफुलाच्या जातकुळीतले) मागे पडले. २०१८ मध्ये ११७ ठिकाणांच्या तीस वर्षांच्या नोंदी एकत्र केल्या तेव्हा घेराबाहेरच्या टुंड्रातही सरासरी उंची वाढल्याचंच दिसलं. आता काही सेंटीमीटर वाढले तर काय मोठं असं वाटेल, पण जिथे सगळं जगच घोट्याएवढं आहे तिथे गुडघ्याएवढं झुडूप म्हणजे वर छप्पर आल्यासारखं असतं, खालच्याला ऊनच मिळत नाही. लायकेन इतकं हळू वाढतं की एकदा सावलीत गेलं की संपलंच, आणि रेनडियर हिवाळ्यात मुख्यतः लायकेनवरच जगतात. म्हणजे "टुंड्रातल्या वनस्पतींचं बरं झालं" असं सरसकट म्हणताच येत नाही, कुणाचं बरं झालं हे विचारावं लागतं.

आणि सगळीकडे हिरवंच होतंय असंही नाही, काही भाग तपकिरी होतायत. उत्तर स्कँडिनेव्हियात डिसेंबर २००७ मध्ये ऐन हिवाळ्यात काही दिवस एकदम ऊब आली, बर्फ वितळला आणि मग परत कडाक्याची थंडी पडली. बर्फ हे तिथल्या झाडांचं पांघरूण असतं, ते गेल्यावर क्रोबेरीसारखी झुडपं उघडी पडली आणि वाळली. पुढच्या उन्हाळ्यात किमान १४०० चौरस किलोमीटर भागात सॅटेलाइटवरची हिरवाई २६ टक्क्यांनी कमी होती. म्हणजे तापमान वाढलं म्हणून झाडं थंडीने मेली! मी हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा दोनदा वाचावं लागलं.

फुलांचंही असंच. ईशान्य ग्रीनलंडमधल्या झॅकेनबर्ग केंद्रात १९९६ पासून नोंदी ठेवतात, तिथे बर्फ लवकर वितळल्यामुळे फुलं खूप लवकर येऊ लागली आणि ड्रायस या पांढऱ्या फुलाचा एकूण हंगामच आखूड झाला. त्याला भेट देणाऱ्या माश्यांची संख्याही तिथे घटलीय.

आता जमिनीखाली, कारण तुमच्या प्रश्नातला कार्बनचा भाग इथे येतो. टुंड्रात झाड मरतं, पण थंडीमुळे कुजत नाही, हजारो वर्षं ते साठत गेलंय. पर्माफ्रॉस्टच्या म्हणजे कायम गोठलेल्या जमिनीच्या प्रदेशात साधारण १५०० अब्ज टन कार्बन आहे, हवेत आहे त्याच्या जवळजवळ दुप्पट. झाडांना तिथे सगळ्यात जास्त कमतरता असते नायट्रोजनची, कारण तो याच न कुजलेल्या मालात अडकलेला असतो. ऊब वाढली की जिवाणू कामाला लागतात, माल कुजतो, नायट्रोजन मोकळा होतो, झुडपं तो उचलतात आणि वाढतात. म्हणजे जी वाढ बघून आपल्याला बरं वाटतं ती बऱ्याच अंशी खालची साठवण फोडून झालेली असते.

यावर अलास्कात टुलिक लेकजवळ एक जुना प्रयोग आहे आणि मला तो सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. १९८१ पासून तिथल्या टुंड्राच्या तुकड्यांना दरवर्षी नायट्रोजन आणि फॉस्फरसचं खत दिलं, म्हणजे ऊब जे हळूहळू करेल ते आधीच करून बघितलं. बुटका बर्च जोरात माजला, जमिनीवरची वर्षाची वाढ दुप्पट झाली. आणि २० वर्षांनी माती खोदून सगळा हिशोब केला तर दर चौरस मीटरमागे जवळजवळ २००० ग्रॅम कार्बन कमी झालेला, कारण मातीच्या खोल थरांतून जेवढा गेला तेवढा वरच्या झाडांना भरून काढताच आला नाही. वरून बघणारा म्हणेल काय छान हिरवं झालंय, आणि खालून तिजोरी रिकामी होतेय.

वर सांगितलेल्या घेरांच्या २८ ठिकाणच्या मोजण्या २०२४ मध्ये एकत्र छापल्या गेल्या, त्यात हवा सरासरी १.४ अंशांनी तापली तर उन्हाळी हंगामात झाडं आणि माती मिळून बाहेर टाकतात तो कार्बन डायऑक्साइड ३० टक्क्यांनी वाढलेला दिसला, आणि तो जोर २५ वर्षांनंतरही ओसरलेला नव्हता. त्यात वणवे धरा, २००७ मध्ये अलास्कात अनाक्तुवुक नदीजवळ एकाच आगीत १००० चौरस किलोमीटरहून जास्त टुंड्रा जळाला आणि साधारण २१ लाख टन कार्बन हवेत गेला. डिसेंबर २०२४ मध्ये नोआने (अमेरिकेची हवामान आणि समुद्र यांचा अभ्यास करणारी सरकारी संस्था) सांगितलं की वणवे धरून हिशोब केला तर टुंड्रा आता कार्बन साठवत नाही, सोडतोय.

झुडपांचं आणखी एक आहे. ती वाऱ्याने उडणारा बर्फ अडवतात, त्यांच्याभोवती जाड थर साचतो, त्या थराखाली जमीन हिवाळ्यात तेवढी गार होत नाही, जिवाणू जास्त काळ जागे राहतात, नायट्रोजन वाढतो आणि झुडपं आणखी वाढतात. उन्हाळ्यात मात्र त्यांच्या सावलीने जमीन थोडी गार राहते, त्यामुळे परिणाम एकाच दिशेचा आहे असं मी म्हणणार नाही, जागेनुसार बदलतो. रेनडियर आणि कस्तुरी बैल जिथे भरपूर चरतात तिथे झुडपं दाबली जातात हेही दिसलंय, म्हणून चरणारे प्राणी टिकवणं हा मला तरी खूप महत्त्वाचा मुद्दा वाटतो.

आणि तुम्ही शेवटी विचारलंय की मग तिथे मुद्दाम झाडं लावली तर? नको. उघड्या टुंड्रावरचा पांढरा बर्फ वसंतात बरंचसं ऊन परत फेकतो, त्या बर्फातून गडद फांद्या वर आल्या की तेच ऊन शोषलं जातं आणि आसपासची हवा आणखी तापते. शिवाय लावताना जमीन उकरली, मॉसचा थर फाडला, तर खालच्या बर्फावरचं झाकणच निघालं म्हणून समजा.