एमआरआय न करता अर्धा सांधा बदलायचा?

गेल्या पावसाळ्यात कसबा बावड्याच्या एक मावशी लेकाला घेऊन समोर बसल्या. डाव्या गुडघ्याची फक्त आतली बाजू गेलेली, सर्जननी अर्धा सांधा बदलायचं सुचवलेलं. लेकाचं म्हणणं, "मॅडम, निस्त्या एक्स-रेवर ठरवताय? त्यात गादी दिसतच न्हाई म्हणं."

खरंय, एक्स-रेत हाडंच दिसतात. पण दोन हाडांमधली जी फट दिसते, तीच गादी. ('कूर्चा' म्हटलं की माणसं नुसती बघत राहतात, म्हणून मी गादीच म्हणते. 'वंगण संपलंय' मात्र खोडून काढते.)

मी फिल्म लावल्या. झोपून काढलेलीत आतल्या बाजूला थोडी फट. तोच गुडघा उभं राहून काढलेला: हाडाला हाड टेकलेलं. मावशी वाकून म्हणाल्या, "ह्यो माझाच न्हवं?"

तिसरी फिल्म गुडघा २० अंश वाकवून, नडगी बाहेर रेटून काढलेली. ती त्यांना चांगलीच आठवत होती. "असा दाबला पाय, जीव गेला माझा!" रेटल्यावर आतली बाजू उघडते, बाहेरची दाबली जाते. तरीही बाहेर ५ मिलिमीटरच्या वर फट राहिली, तर तिकडची गादी शाबूत धरतात. मावशींची ६ भरली.

तेवढ्यात लेकानं पिशवीतनं एमआरआयचा रिपोर्ट काढला, परस्पर करून आणलेला. 'बाहेरच्या कूर्चेची सौम्य झीज, एसीएलमध्ये बदल.' (एसीएल म्हणजे गुडघ्यातली एक दोरी, लिगामेंट.) म्हणजे पूर्णच सांधा बदला, असं त्याचं गणित. इथंच घोळ होतो. एमआरआय बारीकसारीक सगळं टिपतो, आणि असे बदल असूनही गुडघ्यातली ही दोरी चोख काम करत असू शकते. सर्जननी रिपोर्ट वाचला, मावशींची नडगी पुढं ओढून बघितली. दोरी घट्ट.

एमआरआय वाया जातो असं नाही. दुखणं भारी आणि उभ्या एक्स-रेत फट शिल्लक, असं असेल तर तो मागवतात. हाडाचा रक्तपुरवठा तुटलाय का ते त्यात कळतं. गादी अर्धवटच झिजलेली असताना अर्धा सांधा बसवला, तर दुखणं राहण्याची भीती जास्त.

संमतीपत्रात लिहिलं होतं: उघडल्यावर दोरी किंवा बाहेरची गादी खराब निघाली तर पूर्ण सांधा. लेक तिथंच अडला. मावशींनी त्याच्या हातातलं पेन घेतलं, सावकाश पूर्ण नाव लिहिलं आणि मला विचारलं, "गणपतीला घरात आसंन न्हवं मी?"